मराठी ब्लॉग कसा सुरू करावा आणि तो कसा टिकवावा?

ब्लॉग सुरू करायला अर्धा तास पुरतो. गूगलचे खाते असेल तर पैसेही लागत नाहीत. खरी अडचण पुढे येते. पहिल्या महिन्यात उत्साहाने आठ-दहा लेख येतात, मग वाचक दिसत नाहीत, विषय सुचत नाहीत आणि ब्लॉग तसाच पडून राहतो. त्यामुळे ब्लॉग कसा तयार करावा यापेक्षा तो दोन-तीन वर्षे कसा चालवावा, हे आधी समजून घेणे उपयोगाचे ठरते. या लेखात दोन्ही गोष्टींची माहिती आहे. समजायला सोपे जावे म्हणून 'खानदेशी खाद्यपदार्थ' या विषयावरच्या मराठी ब्लॉगचे उदाहरण सर्वत्र घेतले आहे.

ब्लॉग म्हणजे काय?

ज्या संकेतस्थळावर एक किंवा काही लेखक नियमितपणे लेख लिहितात आणि सर्वांत नवा लेख सर्वांत वर दिसतो, त्याला ब्लॉग म्हणतात. 'वेबलॉग' हा शब्द 1997 मध्ये वापरात आला आणि 1999 मध्ये त्याचे 'ब्लॉग' असे छोटे रूप झाले. त्याच वर्षी 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली. गूगलने ती 2003 मध्ये विकत घेतली. 'वर्डप्रेस' हे सॉफ्टवेअरही 2003 मध्येच आले. आजही बहुतेक नवे मराठी ब्लॉगर या दोनांपैकी एकाची निवड करतात.

फेसबुक किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेला मजकूर दोन दिवसांत खाली जातो आणि नंतर शोधूनही सापडत नाही. ब्लॉगवरचा लेख मात्र शोधयंत्रातून पाच वर्षांनीही वाचकाला मिळू शकतो. ब्लॉगचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

विषय कसा ठरवावा?

'आरोग्य', 'शिक्षण', 'पाककृती' असे मोठे विषय घेतले की स्पर्धा थेट वर्तमानपत्रांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांशी होते. नव्या ब्लॉगला तिथे जागा मिळणे कठीण असते. त्यापेक्षा विषय लहान करावा. 'पाककृती' ऐवजी 'खानदेशी पाककृती' घेतल्यास शेवभाजी, वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी, फौजदारी डाळ, खापरावरचे मांडे, बिबडे असे कितीतरी लेख निघतात. शिवाय लिहिणारी व्यक्ती त्या भागातली असेल तर इतरांकडे नसलेली माहिती तिच्याकडे असते. भरितासाठी कोणती वांगी घ्यावीत, ती कशावर भाजावीत, कळण्याच्या पिठात ज्वारी आणि उडीद किती असावेत, हे अनुभवानेच सांगता येते.

विषय योग्य आहे का, हे तपासण्यासाठी पुढील तीन प्रश्न स्वतःला विचारावेत:

1. या विषयावर आत्ता बसून 25 लेखांची शीर्षके लिहिता येतात का? दहाव्या शीर्षकावरच अडायला झाले तर विषय फार अरुंद आहे किंवा आपली माहिती कमी आहे.
2. लोक याबद्दल प्रश्न विचारतात का? नातेवाईक, शेजारी, सहकारी जे प्रश्न वारंवार विचारतात, तेच पुढे लेखांचे विषय होतात.
3. एक वर्षभर एक रुपयाही मिळाला नाही तरी लिहावेसे वाटेल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर थांबून विचार करणे बरे.

ब्लॉगर की वर्डप्रेस?

ब्लॉगर: पूर्णपणे मोफत. देखभालीची चिंता नाही. पत्त्यात 'ब्लॉगस्पॉट' हा शब्द येतो. पुढे स्वतःचा पत्ता विकत घेऊन जोडता येतो. सजावटीचे पर्याय मोजके आहेत. नवशिक्यांसाठी हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

वर्डप्रेस डॉट कॉम: मोफत योजना आहे, पण त्यात कंपनी स्वतःच्या जाहिराती दाखवू शकते आणि काही सुविधा पैसे भरल्यावरच मिळतात.

स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस: सॉफ्टवेअर मोफत असते, पण होस्टिंग आणि पत्ता यांचे दरवर्षी पैसे भरावे लागतात. सर्वाधिक स्वातंत्र्य इथे मिळते. मात्र अद्ययावत आवृत्त्या टाकणे, सुरक्षा पाहणे आणि बॅकअप घेणे ही कामेही स्वतःच करावी लागतात.

पहिले सहा महिने मोफत व्यासपीठावर लिहावे आणि लिखाणाची सवय टिकली तरच पैसे गुंतवावेत, हा सुरक्षित मार्ग आहे. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत न पाहता नूतनीकरणाचा दर पाहावा. तो बऱ्याचदा कितीतरी जास्त असतो.

नाव आणि पत्ता

नाव लहान असावे आणि फोनवर सांगितले तरी समोरच्याला लिहिता यावे. 2014 पासून '.भारत' हा देवनागरी पत्ताही घेता येतो, पण अनेक वाचक अजूनही इंग्रजी अक्षरांतच पत्ता टंकतात, हे लक्षात ठेवावे.

लेखाच्या पत्त्याबाबत मराठी ब्लॉगरांना एक विशेष अडचण येते. ब्लॉगरवर शीर्षक फक्त देवनागरीत असेल तर लेखाचा पत्ता आपोआप 'ब्लॉग-पोस्ट' असा निरर्थक तयार होतो. वर्डप्रेसमध्ये देवनागरी पत्ता तयार होतो, पण तो दुसरीकडे पाठवताना प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाची नऊ चिन्हे होतात. 'भरीत' या छोट्या शब्दाची 36 चिन्हे होतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक, संशयास्पद दिसणारा दुवा जातो. उपाय सोपा आहे. लेख प्रकाशित करण्याआधी पत्त्याच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत दोन-तीन शब्द स्वतः लिहावेत. प्रकाशनानंतर पत्ता बदलू नये, कारण आधी पाठवलेले दुवे तुटतात.

मराठी कसे टंकावे?

मजकूर युनिकोडमध्येच असला पाहिजे. डीटीपीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवला तर वाचकाला अगम्य अक्षरे दिसतात आणि शोधयंत्रालाही तो कळत नाही. असा जुना मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि ओळ न् ओळ तपासावा. जोडाक्षरे आणि रफार यांत हमखास चुका होतात.

संगणकावर टंकण्यासाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक विंडोज आणि लिनक्समध्ये आधीपासूनच असतो. मोबाइलवर जीबोर्डमध्ये मराठी निवडून उच्चारानुसार टंकता येते किंवा बोलूनही मजकूर लिहिता येतो. बोलून लिहिलेल्या मजकुरात विरामचिन्हे आणि ऱ्हस्व-दीर्घ नंतर दुरुस्त करावे लागतात.

ब्लॉगच्या सेटिंगमध्ये भाषा 'मराठी' निवडावी. त्यामुळे ब्राउझरला आणि शोधयंत्राला पानाची भाषा कळते. काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणाची रूपेही त्यामुळेच दिसतात. मुंबईच्या एक टाइप या गटाने तयार केलेला 'मुक्ता' हा मोफत फॉन्ट पडद्यावर वाचायला सोपा आहे.

लेख कसा लिहावा?

वाचक बहुतेक वेळा मोबाइलवर आणि घाईत असतो. त्याला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे ते पहिल्या दोन परिच्छेदांत मिळावे. 'कळण्याची भाकरी' या लेखाची सुरुवात भाकरीच्या प्राचीन परंपरेपासून केली तर वाचक निघून जातो. कळणा म्हणजे काय आणि पिठाचे प्रमाण किती, हे आधी सांगावे. आठवणी आणि परंपरा नंतर.

प्रकाशित करण्यापूर्वी पुढील बाबी तपासाव्यात:

- शीर्षकात वाचक जो शब्द शोधेल तोच आहे का? 'खानदेशची चमचमीत मेजवानी' असे कोणी शोधत नाही. 'खानदेशी शेवभाजी कशी करावी' असे शोधतात.
- परिच्छेद चार-पाच ओळींपेक्षा मोठे आहेत का?
- उपशीर्षके दिली आहेत का?
- छायाचित्राचा आकार कमी केला आहे का? कॅमेऱ्यातून आलेले मोठे चित्र तसेच टाकले तर पान हळू उघडते.
- आपल्याच जुन्या लेखांचे दुवे दिले आहेत का?
- लेख एकदा मोठ्याने वाचून पाहिला आहे का?

इतरांचे लेख थोडे फिरवून लिहिणे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून रोज दहा लेख तयार करून टाकणे यांचा फायदा होत नाही. केवळ क्रमांक मिळवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर तयार केलेल्या निरुपयोगी मजकुराला गूगलने मार्च 2024 पासून स्पष्टपणे स्पॅम ठरवले आहे. लेखकाच्या प्रत्यक्ष अनुभवाला महत्त्व देण्याची भूमिकाही गूगलने आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतली आहे.

वाचक कुठून येतात?

सुरुवातीचे वाचक ओळखीचे असतात. त्यांना दुवा पाठवावा, पण प्रत्येक गटात रोज दुवे टाकू नयेत, लोक कंटाळतात.

टिकणारे वाचक शोधयंत्रातून येतात आणि त्याला अनेक महिने लागतात. त्यासाठी 'गूगल सर्च कन्सोल' या मोफत सेवेत ब्लॉगची नोंद करावी. लोक कोणते शब्द शोधून ब्लॉगवर आले, हे तिथे दिसते. ही यादी म्हणजे पुढच्या लेखांची यादीच असते. 'बिबडे' या लेखावर लोक 'बिबडे कसे साठवावे' असे शोधत येत असतील, तर पुढचा लेख त्यावर लिहावा किंवा आहे त्या लेखात ती माहिती घालावी.

नियमित वाचकांची ईमेल यादी स्वतःकडे असणेही महत्त्वाचे आहे. दुसऱ्याच्या सेवेवर पूर्ण अवलंबून राहणे धोक्याचे असते. अनेक वाचक ज्यातून ब्लॉग वाचत असत ते गूगल रीडर जुलै 2013 मध्ये बंद झाले आणि फीडबर्नरची ईमेल सुविधा 2021 मध्ये थांबली. तेव्हा अनेक ब्लॉगांचा वाचकांशी असलेला संबंध तुटला.

सातत्य कसे ठेवावे?

ब्लॉग बंद पडण्याचे मुख्य कारण म्हणजे सुरुवातीला ठरवलेला अशक्य वेग. रोज एक लेख लिहिण्याचा संकल्प पंधरा दिवस टिकतो. दर पंधरवड्याला एक लेख ठरवला तर वर्षात 26 लेख होतात. एका लेखाला चार तास धरले तर वर्षाचे 104 तास, म्हणजे आठवड्याला दोन तास. नोकरी आणि घर सांभाळून एवढे जमू शकते.

पुढील सवयी उपयोगी पडतात:

- ब्लॉग जाहीर करण्याआधी पाच लेख तयार ठेवावेत. आजारपण, लग्नसराई, परीक्षा या काळात ते कामी येतात.
- वर्षाचे वेळापत्रक हंगामाप्रमाणे आखावे. भरिताचा लेख हिवाळ्यात, बिबड्यांचा उन्हाळ्यात, मांड्यांचा आखाजीच्या दोन-तीन आठवडे आधी यावा.
- सुचलेला विषय लगेच एका वहीत किंवा मोबाइलमध्ये टिपावा.
- दर सहा महिन्यांनी जुने लेख वाचून चुका आणि तुटलेले दुवे दुरुस्त करावेत. जुना चांगला लेख सुधारणे हे बऱ्याचदा नव्या लेखापेक्षा जास्त फायद्याचे असते.
- वाचकसंख्या रोज पाहू नये. महिन्यातून एकदा पुरे.

खंड पडलाच तर माफीनाम्याचा लेख लिहीत बसू नये. सरळ पुढचा लेख टाकावा.

ब्लॉगमधून पैसे मिळतात का?

मिळू शकतात, पण सुरुवातीला नाही. गूगल अ‍ॅडसेन्सच्या मान्य भाषांमध्ये मराठीचा समावेश आहे. अर्जदाराचे वय किमान 18 वर्षे असावे लागते. खात्यात 10 डॉलर जमल्यावर पत्ता पडताळणीसाठी टपालाने पिन येतो आणि 100 डॉलर पूर्ण झाल्याशिवाय पैसे बँकेत जमा होत नाहीत. कमी वाचक असलेल्या ब्लॉगला हा टप्पा गाठायला एक वर्षाहून जास्त काळही लागू शकतो. स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करणे किंवा मित्रांना करायला सांगणे हा नियमभंग आहे. त्यामुळे खाते बंद होते.

अनेकांसाठी अप्रत्यक्ष उत्पन्न जास्त खरे ठरते. खानदेशी पदार्थांच्या ब्लॉगवरून घरगुती मसाले किंवा बिबडे-पापड यांची विक्री होऊ शकते, पाककृतींचे वर्ग घेता येतात, पुढे पुस्तक निघू शकते. ही मिळकतही करपात्र असते, त्यामुळे हिशोब ठेवावा.

'महिन्यात लाखो रुपये' असे आश्वासन देऊन महागडे अभ्यासक्रम विकणाऱ्यांपासून सावध राहावे. ब्लॉग सुरू करण्यासाठी लागणारी बहुतेक माहिती मोफत उपलब्ध आहे.

कायद्याच्या कोणत्या गोष्टी माहीत असाव्यात?

- स्वामित्वहक्क कायदा 1957 नुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. संपूर्ण कविता किंवा लेख 'साभार' असे लिहून टाकणे म्हणजे परवानगी नव्हे.
- हक्क कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. भरिताची कृती कोणीही लिहू शकतो. दुसऱ्याने लिहिलेला मजकूर आणि काढलेले छायाचित्र उचलता येत नाही.
- इंटरनेटवर सापडलेले चित्र मोफत असतेच असे नाही. स्वतः काढलेले छायाचित्र सर्वांत उत्तम.
- पैसे किंवा वस्तू घेऊन लिहिलेला लेख जाहिरात आहे, हे स्पष्ट लिहावे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत.
- बदनामीचा कायदा ब्लॉगलाही लागू होतो.

बॅकअप: सर्वांत दुर्लक्षित काम

ब्लॉग इंटरनेटवर आहे म्हणजे तो कायम राहील, असे नाही. लाखो लोकांची पाने असलेली जिओसिटीज ही सेवा याहूने 2009 मध्ये बंद केली. पासवर्ड हरवतो, खाते बंद होते, होस्टिंगचे पैसे भरायचे राहतात, लेखकाचे निधन होते आणि वर्षानुवर्षांचे लिखाण नाहीसे होते. गावचे शब्द, घरातली कृती, आजीकडून ऐकलेली माहिती अनेकदा त्या एकाच ब्लॉगवर असते.

ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये बॅकअपचा पर्याय आहे. त्यातून लेखांचा मजकूर मिळतो, पण चित्रे नाही. ती वेगळी जतन करावी लागतात. तीन महिन्यांतून एकदा मजकूर आणि चित्रे दोन ठिकाणी ठेवावीत. घरातल्या एका विश्वासू व्यक्तीला खात्याची माहिती असावी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलवरून ब्लॉग चालवता येतो का?
हो. लेखन आणि छायाचित्रे मोबाइलवर होतात. मांडणी आणि बॅकअपसाठी अधूनमधून संगणक मिळाला तर सोयीचे जाते.

लेख किती शब्दांचा असावा?
ठरावीक मर्यादा नाही. वाचकाच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर झाले की लेख संपवावा.

बोलीभाषेत लिहिले तर चालते का?
नक्कीच. अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणीत लिहिलेला मजकूर इंटरनेटवर कमी आहे. शीर्षक आणि सुरुवातीचा सारांश प्रमाण मराठीत दिला तर तो बाहेरच्या वाचकालाही सापडतो.

ब्लॉग यशस्वी झाला हे कसे ओळखावे?
अनोळखी वाचक शोधत येऊ लागले, त्यांनी लेख वापरून पाहिला आणि पुढचा प्रश्न विचारला, की ब्लॉग योग्य मार्गावर आहे. 2011 च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या आठ कोटींहून अधिक आहे. त्यातल्या काही शे लोकांना नेमकी हवी असलेली माहिती एका ब्लॉगवर मिळत असेल, तर तो ब्लॉग चालू ठेवण्यासारखा आहे.