‘सार्जंट पेपर’चे दोन पाठ

बीटल्सची १९६७ मधील ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही ध्वनिमुद्रिका संग्रही असावी, याविषयी फारसा मतभेद नाही. प्रश्न आहे तो पाठनिश्चितीचा. लंडनमधील अ‍ॅबे रोडवरच्या स्टुडिओत मुद्रित झालेल्या या गीतांचे मोनो मिश्रण वादकांच्या देखरेखीखाली सावकाश सिद्ध झाले. स्टिरिओ मिश्रण मात्र त्यांच्या गैरहजेरीत थोड्या दिवसांत उरकण्यात आले. ‘शीज लीव्हिंग होम’ हे गीत मोनोत किंचित द्रुत व सुमारे अर्ध्या स्वराने चढे आहे, ते यामुळेच. तथापि पुढे रूढ झाला तो स्टिरिओ पाठ, आणि दीर्घकाळ समीक्षाही बव्हंशी त्याचीच झाली. शुद्ध पोथी बाजूस सारून घाईने उतरलेल्या नकलेवर भाष्य लिहावे, तसाच हा प्रकार! मोनो पाठ २००९ मध्ये सीडीवर आणि २०१४ मध्ये तबकडीवर पुनश्च उपलब्ध झाला. अभ्यासकाने प्रथम तो मिळवावा. स्टिरिओ त्यानंतर, तुलनेसाठी.