जग्वार : कुळ आणि मूळ

जग्वार आज टाटांच्या घरात आहे, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. तिचं मूळ मात्र मोटारीत नाही. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर ब्लॅकपूल नावाचं गाव आहे. तिथे विल्यम वॉल्म्स्ली हा तरुण मोटारसायकलींना जोडायच्या ॲल्युमिनियमच्या साइडकार बनवत असे. शेजारच्या विल्यम लायन्सने आधी त्यातली एक विकत घेतली आणि मग थेट भागीदारीच केली. १९२२ मध्ये, लायन्सला एकविसावं वर्ष पूर्ण होताना, 'स्वॅलो साइडकार' कंपनी उभी राहिली.

लायन्स इंजिनिअर नव्हता. त्याच्यापाशी होती ती नजर. १९२७ मध्ये त्याने ऑस्टिन सेव्हन या साध्यासुध्या छोट्या गाडीच्या चासीवर आपली देखणी बॉडी चढवली. पुढच्याच वर्षी बिऱ्हाड मोटारधंद्याच्या कॉव्हेंट्रीत हललं. १९३१ ची 'एसएस वन' लांबलचक बॉनेटची, बुटक्या छपराची. इंजिन आणि चासी स्टँडर्ड कंपनीची. दिसायला हजार पौंडांची आणि किंमत ३१०! 'जग्वार' हे नाव आलं १९३५ मध्ये. लंडनच्या मेफेअर हॉटेलात जेवणाला बोलावलेल्या पाहुण्यांना नव्या गाडीची किंमत ओळखायला सांगितली, तेव्हा त्यांचे अंदाज खऱ्या किमतीच्या कितीतरी पुढे गेले. खरी किंमत होती ३९५ पौंड. माझ्या मते या कंपनीचा खरा वारसा तिथे दिसतो. श्रीमंती थाटाची गाडी जेमतेम ऐपतीच्या माणसाच्या आवाक्यात आणायची, हीच लायन्सची जिद्द होती.

महायुद्धात हिटलरच्या एसएस दलामुळे कंपनीच्या नावातली ती दोन अक्षरं जगभर बदनाम झाली आणि १९४५ मध्ये कंपनीच 'जग्वार कार्स' झाली. त्याच युद्धात, बॉम्बहल्ल्यांमुळे लागणाऱ्या आगींवर नजर ठेवायला कारखान्यात रात्रपाळी असे. त्या जागरणांत हाइन्स, हॅसन आणि बेली हे अभियंते लायन्ससोबत नव्या इंजिनाचा विचार करत बसत. त्यातून जन्मलं सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन. १९४८ च्या लंडन प्रदर्शनातली 'एक्सके १२०' त्यावरच धावली. ते इंजिन इतकं भक्कम निघालं की १९९२ पर्यंत बनत राहिलं. ल माँच्या २४ तासांच्या शर्यती जग्वारने १९५१ ते १९५७ या काळात पाच वेळा जिंकल्या. १९५३ च्या विजयात डिस्क ब्रेकचा वाटा मोठा होता. आज ते ब्रेक आपल्या मोटारसायकलींनाही असतात. विमानाच्या कारखान्यातून आलेल्या माल्कम सेयरने वाऱ्याचं गणित मांडून १९६१ च्या ई-टाइपला आकार दिला. इतकी सुंदर मोटार नंतर झालेली नाही, असं मी बेधडक म्हणेन.

पण घराला वारस उरला नव्हता. १९५५ मध्ये ल माँला जाताना लायन्सचा एकुलता मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. पुढे जग्वारच्या बॉडी बनवणारी कंपनी बीएमसीने, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने, विकत घेतली आणि १९६६ मध्ये लायन्सने जग्वारही बीएमसीत विलीन केली. दोन वर्षांत त्यातून ब्रिटिश लेलँड ही कंपनी झाली आणि पुढे ती सरकारच्या ताब्यात गेली. तिच्या कारभारात गाड्यांचा दर्जा घसरला, नाव डागाळलं. १९८४ मध्ये जग्वार पुन्हा स्वतंत्र झाली खरी, पण पाचच वर्षांनी फोर्डने ती घेतली. २००८ मध्ये टाटा मोटर्सने लँड रोव्हरसह ती २३० कोटी डॉलरना विकत घेतली. पुढे पुण्यातही जग्वारची जुळणी होऊ लागली.

२०२४ मध्ये एफ-टाइप ही स्पोर्ट्सकार बंद झाली. यापुढे जग्वार फक्त विजेवर चालणाऱ्या, पूर्वीपेक्षा बऱ्याच महाग गाड्या बनवणार आहे. विजेबद्दल माझी तक्रार नाही. किमतीबद्दल आहे. लायन्सच्या हाताखाली जग्वार मोठी झाली ती स्वस्तात देखणेपण देऊन, आणि मुंबईत बसलेल्या मालकांनी हा हिशेब सोडू नये.