महाकाव्याची यादी

महाकाव्य म्हणजे लांबलचक काव्य, अशी आपली भाबडी समजूत असते. तसे असते तर आमच्या ओळखीच्या निम्म्या कवींचे कल्याण झाले असते! पण ७व्या शतकाच्या सुमारास दंडीने ‘काव्यादर्शा’त महाकाव्याची यादीच करून ठेवली आहे. नगर, समुद्र, डोंगर आणि ऋतू हवेत. सूर्योदय, चंद्रोदय दोन्ही हवेत. शिवाय जलक्रीडा, मद्यपान, विरह, लग्न, मुलगा होणे, मसलत, स्वारी, लढाई आणि शेवटी नायकाचा विजय. लग्नघरातली वाण्याची यादीसुद्धा याहून आटोपशीर असते. १४व्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त भर घातली, की सर्ग ८हून जास्त हवेत आणि सर्गाच्या शेवटी पुढल्या सर्गातल्या कथेची चाहूल द्यावी. मासिकांतल्या ‘क्रमशः’चा मूळपुरुष बहुधा हाच!

दंडी मात्र मोठा समंजस माणूस. शत्रूचेही कुळ आणि पराक्रम वर्णावेत, असे तो सांगतो. बरोबरच आहे, ढेकूण मारणाऱ्याला कोण वीर म्हणणार? आणि यादी संपते न संपते तोच तो म्हणतो, यातले काही राहून गेले तरी बिघडत नाही. जे आहे ते जाणकारांना रिझवणारे असले म्हणजे झाले. लोकांनी यादी तेवढी पाठ केली आणि ही सवलत सोयीस्कर विसरले. मग समुद्र जागेवर, चंद्र वेळेवर, सर्ग मोजून नऊ, आणि वाचक तिसऱ्यातच घोरतोय!

व्यास-वाल्मीकींच्या वेळी ही यादी झालेली नव्हती, हे आपले केवढे भाग्य!