मुळशी : पाण्याखालचे गाव

युनियनच्या सभासद-अर्जात 'मूळ गाव' असा एक रकाना असतो. पिरंगुटच्या बाजूचा एक कामगार तो भरताना अडला. म्हणाला, "गाव धरणात हाय, साहेब. काय लिहू?" आम्ही त्याला तालुका लिहावयास सांगितले खरे, पण त्या रकान्याने आम्हाला मुळशीच्या मागे लावले. आमची शाळा लवकर सुटली. आमच्यासारख्याला इतिहास भेटतो तो असाच.

नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळचे हे भाताचे खोरे. इथला आंबेमोहोर नावाजलेला. टाटांच्या वीज कंपनीने येथे धरण योजले : पाणी अडवायचे, ते घाटाखाली कोकणात भिऱ्याला सोडायचे आणि त्या उडीतून निघालेली वीज मुंबईला न्यावयाची. खोऱ्यातली सुमारे पन्नास गावे या योजनेच्या तडाख्यात सापडली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. काम काही महिने थांबले, मग पुन्हा सुरू झाले, तुरुंग भरले. विनायकराव भुस्कुटे या लढ्यात होते, आणि पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव इथेच मिळाले. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली.

पुण्यात एवढे पुष्कळांना ठाऊक असते. कमी सांगितले जाते ते असे की खोऱ्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावे चढलेली होती. भूसंपादनाचा कायदा तेव्हा १८९४ चा होता. तो कागद पाहत असे, चिखलणी पाहत नसे. तेव्हा सावकाराला मोबदल्याचा रस, कुळाला जमिनीचा. राजेंद्र व्होरा यांनी ही तेढ आपल्या ग्रंथात उलगडून दाखविली आहे. सत्याग्रहाला पुढारी देणारे शहर तेच, आणि पैसे मोजून घेणारेही तेच! आम्हा कामगार चळवळीतल्यांनाही यातून सुटका नाही. मुंबईच्या गिरण्यांत ती वीज खेळली. त्या गिरण्यांच्या संपांचा अभिमान आम्ही सांगतो, पण वीज कुणाच्या शेतावरून आली हे आम्ही सभासदांना कधी सांगितले नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरले की जुने अवशेष उघडे पडतात. तो कामगार गेल्या वर्षी वडिलांना तिकडे घेऊन गेला होता. घराची जागा वडिलांना दाखवता आली नाही. ती आजोबांना ठाऊक होती.