ईस्ट-वेस्ट : वेळापत्रक नसलेली विमाने

१९५३ मध्ये विमानसेवा सरकारच्या ताब्यात गेली. १९९०च्या सुमारास खासगी विमानांना ‘एअर टॅक्सी’ म्हणून मुभा मिळाली, पण वेळापत्रक छापायला बंदी! म्हणजे आमच्या पेठच्या काळीपिवळीसारखेच. अशा अटीवर मुंबईत ट्रॅव्हल व्यवसाय करणाऱ्या केरळच्या तकीउद्दीन वाहिद यांनी १९९२ मध्ये भाड्याच्या बोइंग ७३७ विमानांवर ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स उभी केली. १९९४ मध्ये १९५३चा कायदा रद्द झाला, रस्ता मोकळा झाला. पण १३ नोव्हेंबर १९९५ला मुंबईत वाहिद यांची गोळ्या घालून हत्या झाली. विमान उडो न उडो, भाडे चुकत नाही. १९९६ मध्ये कंपनी बंद पडली. कायद्याने दार उघडले तेव्हा ते आधीपासून ठोठावणारा माणूस मात्र त्यातून फार पुढे जाऊ शकला नाही.