जादा प्राप्तिकर व परतावा (कासू परिसर)

देय करापेक्षा अधिक रक्कम सरकारजमा झाली असल्यास ती परत मिळवण्याचा करदात्याला असलेला हक्क. प्राप्तिकर अधिनियम, १९६१च्या कलम २३७ ने तो दिला. १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा अधिनियम लागू झाला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. या नोंदीतील क्रमांक व नियम १९६१च्या अधिनियमातील आहेत.

जादा कर सहसा कोणी हौसेने भरत नाही. पैसे हाती येण्याआधीच तो कापून घेतला जातो. कासू (ता. पेण, जि. रायगड) हे मुंबई–गोवा महामार्गावरील गाव, दिवा–रोहा लोहमार्गावर पेण व नागोठणे यांच्या दरम्यान त्याचे स्थानक आहे. महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याच्या रुंदीकरणासाठी या पट्ट्यातील जमिनी संपादित झाल्या. पेण नगरपरिषदेची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख या गटात मोडते, म्हणून तिच्या हद्दीपासून दोन किलोमीटरपलीकडची शेतजमीन ‘भांडवली मत्ता’ ठरत नाही. कासूची शेती या अंतराच्या बरीच बाहेर असल्याने तिच्या मूळ मोबदल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. कलम १९४एलएखालील कपातीतूनही शेतजमीन वगळलेली आहे. बिनशेती जमिनीला ही सूट नाही.

वाढीव मोबदल्यावरील व्याजाचे मात्र वेगळे आहे. त्यावर दहा टक्के टीडीएस कापला जातो, पण करपात्र धरले जाते निम्मेच व्याज. समजा, २०२४-२५ मध्ये एखाद्या शेतकऱ्याला सहा लाख रुपये व्याज मिळाले व शेतीखेरीज दुसरे उत्पन्न नव्हते. कापले गेले साठ हजार. करपात्र उरले तीन लाख. नव्या करप्रणालीत त्या वर्षी तीन लाखांपर्यंत कर शून्य होता, म्हणजे साठ हजार पुरे परत मिळायला हवेत. मात्र विवरणपत्र भरल्यावाचून ते मिळत नाहीत. ‘शेतीला कर नाही, मग विवरणपत्र कशाला?’ हा हिशेब इथेच चुकतो.

परताव्याचा दावा आणि लेखापरीक्षा यांची गल्लत नेहमी होते. कलम ४४एबीनुसार व्यवसायाची उलाढाल एक कोटीवर गेल्यास सनदी लेखापालाकडून हिशेब तपासून घ्यावे लागतात. रोख जमा आणि रोख खर्च दोन्ही पाच टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा दहा कोटी आहे. पेण, हमरापूर, जोहे भागातला मोठा गणेशमूर्ती कारखानदार बयाणा आणि मजुरी रोखीतच उरकत असेल, तर ही सवलत त्याच्या हातून जाते. व्याजावरची कपात परत मागणाऱ्या शेतकऱ्याचा या लेखापरीक्षेशी संबंध नाही.

छाननी ही खात्याने करायची तपासणी. विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात भरले, ते संपल्यापासून तीन महिन्यांत कलम १४३(२)ची नोटीस यावी लागते. त्यानंतर ती देता येत नाही. परतावा मागितला की छाननी लागतेच, ही भीती अनाठायी आहे. संपादनाचा निवाडा, व्याजाचा तपशील व बँकेचे पासबुक जपून ठेवणाऱ्याने तिला घाबरण्याचे कारण नाही.

परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते (कलम २४४ए) आणि ते व्याजही करपात्र असते. जुनी थकबाकी असल्यास खाते पूर्वसूचना देऊन ती परताव्यातून वळती करू शकते.

करदात्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊ नये, उलट परताव्याच्या हक्काकडे त्याचे लक्ष वेधावे, असे परिपत्रक तत्कालीन केंद्रीय महसूल मंडळाने ११ एप्रिल १९५५ रोजी अधिकाऱ्यांसाठी काढले होते. आता विवरणपत्रावरची प्राथमिक प्रक्रिया बंगळूरच्या केंद्रात संगणकावर होते. लक्ष वेधणारा अधिकारी करदात्याला भेटतच नाही.

विवरणपत्राची मुदत हुकली तरी कलम ११९(२)(ब)खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या अर्जांना कर निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांची मर्यादा आहे आणि अशा उशिराच्या परताव्यावर व्याज मिळत नाही. मोबदल्यावर व्याज मिळालेल्यांनी फॉर्म २६एएसमध्ये आपल्या पॅनवर किती कर जमा आहे, ते ही मुदत संपण्याआधी पाहून घ्यावे.