निर्वासित समाज आणि कुटुंबनियोजन

युद्ध, छळ किंवा सत्तांतरामुळे देश सोडावा लागलेल्या समाजांत पाळणा लांबवण्याच्या साधनांची माहिती सहसा असते. गोळ्या, तांबी, नसबंदी ही नावे बऱ्याच स्त्रियांनी ऐकलेली असतात. अडते ते पुढे. दवाखाना दूर असतो, तिथली भाषा परकी असते, मुक्काम हलला की गोळ्या खंडित होतात. शिवाय आपली माणसे आधीच थोडी उरली, ही समाजाची धास्ती असते.

महाराष्ट्रातील तिबेटी निर्वासितांची वसाहत नॉर्ग्येलिंग ही गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात असून ती १९७२ साली वसली. भारतातील तिबेटी समाजात १९८० च्या दशकात जन्मप्रमाण बरेच होते. शतक बदलेपर्यंत ते दर स्त्रीमागे २.१ अपत्ये या प्रतिस्थापन पातळीच्या (लोकसंख्या टिकून राहण्याच्या पातळीच्या) खाली आले. मुलींचे शिक्षण, उशिरा होणारी लग्ने, मठवास आणि सहज मिळणारी साधने ही त्याची मुख्य कारणे. बौद्ध श्रद्धेप्रमाणे गर्भधारणेपासूनच जीव मानला जात असल्याने गर्भपाताला विरोध होतो. गर्भ राहू न देण्याला तितका होत नाही. समाजातील जाणत्यांना मात्र घटत्या संख्येमुळे राष्ट्र टिकण्याची चिंता वाटते. या चिंतेचे ओझे अखेर स्त्रीच्या शरीरावर येते, आणि ते न्याय्य नाही.

जिथे सत्तेने जन्मावर बंधने घातली तिथे अविश्वास अधिक खोल असतो. म्यानमारच्या राखाइन प्रांतात रोहिंग्यांवर दोन अपत्यांची अट होती. बांगलादेशातील छावण्यांत त्यांच्या स्त्रिया दर तीन महिन्यांनी घ्यायचे गर्भनिरोधक इंजेक्शन अधिक पसंत करतात. ते घेतल्याचे घरात कोणाला दिसत नाही. सक्तीची आठवण महाराष्ट्रालाही आहे: १९७६ मध्ये इथल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही.

कोकणात वेंगुर्ल्यासारख्या किनारी भागातील आंबा-काजूच्या बागांत राबणारे नेपाळी कामगार निर्वासित नव्हेत. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना मोकळी ये-जा आहे. अडचणी मात्र निर्वासितांसारख्याच आहेत. नेपाळात हे इंजेक्शन फार पूर्वीपासून रुळलेले आहे. भारतात ‘अंतरा’ या नावाने ते सरकारी केंद्रांत २०१७ पासून मिळू लागले. तरी हंगामानुसार जागा बदलणाऱ्या जोडप्याचा पुढचा डोस चुकू शकतो.

१९९४ च्या कैरो परिषदेने निर्वासितांचा प्रजनन आरोग्याचा हक्क मान्य केला. संकटकाळात निर्वासितांना द्यायच्या किमान प्रजनन-आरोग्य सेवासंचात नको असलेली गर्भधारणा टाळणे हे स्वतंत्र उद्दिष्ट २०१८ मध्ये आले. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, इथे ही सेवा मुख्यतः सामान्य सरकारी आरोग्यव्यवस्थेतून व निर्वासितांच्या स्वतःच्या संस्थांतून मिळते.